बाबा झोपलेत

४ जून

चि. थोरल्यास,

आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला लिहायचे असतात म्हणून लिहिले.

रविवारी तुम्ही दोघे भाऊ येऊन गेलात. तीन तास स्वयंपाकघरात कुजबुजत होतात. मी दारात आलो की दोघेही चिडीचूप. माझे कान गेलेत, डोळे नाहीत. घर विकून मला कुठल्यातरी वृद्धाश्रमात टाकायचा बेत शिजतोय, हे कळायला कान लागत नाहीत. मी कुलूप बदललं आहे. आता यायचे कष्ट घेऊ नका.

एकवीस वर्षं रात्रपाळीला बेकरीच्या भट्टीपुढे उभा राहून तुम्हाला वाढवलं. सकाळी गरम पाव घेऊन आलो की दोघेही पायाला मिठी मारायचात. तेवढं सुख मिळालं, नाही म्हणत नाही. पण वाढवलं कडक. धाकट्याचा हात मोडला तेव्हा सात वर्षांचं पोर हूं की चूं न करता बसून राहिलं. अख्ख्या बेकरीला मी ती गोष्ट ऐकवली आहे. आता त्याच पोराला माझ्याशी दोन शब्द मोकळेपणाने बोलता येत नाहीत.

कळावे. लोभ ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

वडील


९ जून

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. धाकट्याला दाखवलं नाही. त्याने आठवडाभर जेवण टाकलं असतं.

बेत होता, आणि तो असा. आई गेल्यापासून तुम्ही एकटे आहात, म्हणून धाकट्याच्या घरची पुढची खोली तुमच्यासाठी रिकामी करायची. पलंग खिडकीपाशी ठेवायचा की भिंतीला, यावर आमचे दोन तास गेले. कुजबुजलो, कारण त्या घरात आम्हाला दुसरा आवाजच नाही. तुम्ही सकाळी सातला झोपायचात, दुपारी दोनला उठायचात. 'बाबा झोपलेत' हे आम्ही स्वतःच्या नावाआधी शिकलो. दार हळू, भांडी हळू, खोकलासुद्धा हळू. कारखान्यात मी दिवसभर ओरडून माणसं हाकतो, पण तुमचा उंबरा ओलांडला की घसा बसतो.

आणि ती बेकरीतली गोष्ट आता पुरे करा. धाकटा जिन्यावरून पडला तेव्हा अकरा वाजले होते. आई कामावर होती. तो रडला, बाबा. गुरासारखा ओरडणार होता, म्हणून मी त्याचं तोंड दाबलं. तुम्ही उठेपर्यंत, दोन्ही हातांनी. त्याने माझी बोटं चावली, तरी सोडलं नाही. तो हात अजून सरळ होत नाही, आणि तुम्ही त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप देता. त्याने तुम्हाला खरं कधी सांगितलं नाही, कारण तुमच्याकडून मिळालेली तेवढी एकच शाबासकी होती.

तब्येत सांभाळा. लोभ आहे म्हणून एवढं भांडतोय.

थोरला


२० जून

चि. थोरल्यास,

आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. चार कागद फाडले. तुझं पत्र उद्धट आहे, बापाला असं लिहीत नाहीत. पलंग खिडकीपाशी नको. उजेडात झोपायचा मला कंटाळा आला आहे.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी जागा होतो. जिन्यावर काहीतरी धाडकन पडलं, ते ऐकलं. मग रडणं ऐकू आलं नाही, तेव्हा बरं वाटलं आणि कूस बदलली. रात्रभर उभं राहून अंग मोडून आलं होतं, असं तेव्हापासून स्वतःला समजावत आलोय. दुपारी उठून सुजलेला हात पाहिला. त्याच आठवड्यात बेकरीत ती गोष्ट सांगायला लागलो. पोरगं शूर ठरलं की बापाला कोणी काही विचारत नाही.

हे पत्र धाकट्याला दाखव. वाचूनही खोली द्यायची असेल तर त्याने माझ्यासमोर उभं राहून, मोठ्याने सांगावं. द्यायची नसेल तर तेही मोठ्यानेच सांगावं. पुटपुटलेलं मी ऐकणार नाही. लोभ मागायला आता तोंड नाही, तरी मागतो.

तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. पण तू तेव्हा नऊ वर्षांचा होतास, तुझा त्यात काही दोष नाही. या अख्ख्या पत्रात हे एकच वाक्य मी न रागावता लिहिलं आहे. ते नीट वाच.

बाबा