आत दाबलेलं कापड

प्रिय बबडे,

ऑपरेशन पंधरा दिवस पुढे गेलं म्हणून काल तू फोनवर डॉक्टरीणबाईंवर आग पाखडलीस. शहाऐंशी वर्षांच्या पोटाला सुरी लावायला त्या घाबरल्या, असं तुला वाटतं. तसं नाही गं. पहिल्या दिवशी त्यांनी मला जिना चढायला लावला, मूठ आवळायला लावली, नळीत फुंकायला लावलं. वय शेवटी विचारलं. मग तुला विचारलं, यांचं वजन उतरलंय का? तू छातीठोकपणे सांगितलंस, छे, बाबांना जुनेच कपडे नीट बसतात.

बसतात, कारण मी बसवतो. तू रविवारी येणार म्हटलं की शनिवारी दुपारी मी मशीनवर बसायचो. पाच महिन्यांत पँटींची कंबर तीनदा आत घेतली, शर्टांच्या बगला दाबल्या. तुझी आई गेल्यापासून तुझी माझ्यापायी ओढाताण होतेय, त्यात आणखी भर नको वाटली. उभा जन्म शिंपीकामात गेला, तुला कुठून कळणार?

सोमवारी एकटाच सही करायला गेलो. बाईंनी काही लपवलं नाही. जठराचा गाठीचा भाग काढून उरलेलं जोडतात. या वयात छातीत कफ साठू शकतो, जोड सुटू शकतो, पण अंगात ताकद असली तर नव्वदीची माणसंही चालत घरी जातात. जोड सुटतो म्हटल्यावर माझा हात थांबला. विरलेल्या कापडात टाका धरत नाही, हे मी गिऱ्हाइकांना साठ वर्षं सांगत आलोय. तिथेच पँटची कंबर उलटून दाखवली. त्या म्हणाल्या, "बरं झालं आजोबा, आत्ता सांगितलंत," आणि अंगात ताकद यावी म्हणून तारीख पंधरा दिवस पुढे टाकली. आता दिवसातून सहा वेळा खातो, सकाळ-संध्याकाळ चालतो. वजन एक किलो वाढलंय.

तू म्हणालीस, तारीख चुकली हा इशाराच आहे, आता राहू दे. इशारा कसला, माझी लबाडी होती ती. बबडे, मला ऑपरेशन करून घ्यायचंय. मला अजून जगायचंय. या वयात हे तोंडाने म्हणायची लाज वाटते, म्हणून लिहितोय. त्या दिवशी माझ्याबरोबर ये. काही बरंवाईट झालंच, तर बाईंना बोल लावू नकोस, स्वतःलाही नको. आणि कंबरेत आत दाबलेलं कापड मी कुठेच कापलेलं नाही, सगळ्या पँटींत तसंच ठेवलंय.

तुझाच लबाड,
बाबा