सोळा इंची लॅपटॉप आणि फोटोतला उजवा हात

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
दिव्यांग साधन वाटप कक्ष (फिरते),
मुक्काम देसाईगंज (वडसा)

अर्जदार : अमर मुखरू शेंडे, रा. पिंपळटोला, ता. देसाईगंज, जि. गडचिरोली

विषय : जमा करून घेतलेला सोळा इंची लॅपटॉप परत मिळणेबाबत; ते शक्य नसल्यास चौदा इंची मिळणेबाबत.

संदर्भ : ‘लाभार्थ्यास दोन हात असल्याचे आढळून आल्याबाबत’ हे आपले पत्र व त्यासोबतचा फोटो.

महोदय,

अर्जदाराचा उजवा हात कोपराखाली नाही. हे वाक्य अर्जदाराने आजवर इतक्या कागदांवर लिहिले आहे, की आता लिहिताना काही वाटत नाही. दुसऱ्याच कुणाच्या हाताबद्दल लिहितो आहोत असे होते. आपल्या पत्रामुळे ते पुन्हा लिहिणे भाग पडले.

१) वडशाला हेमराजभाऊंचे फ्लेक्सचे दुकान आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू होतात आणि बऱ्याच नाटक कंपन्यांची पोस्टरे तिथून निघतात. अर्जदार हे काम डाव्या हाताने शिकला. हेमराजभाऊंनी शब्द दिला आहे, “दुकानातल्या मशीनवर मी बसतो. तू आपली मशीन घेऊन ये, अख्ख्या सिझनचे पोस्टर तुलेच देतो.” कोजागिरीपर्यंत मशीन, म्हणजे लॅपटॉप, आली नाही, तर काम दुसऱ्याला जाईल. त्यांचेही बरोबर आहे, नाटक कुणासाठी थांबत नाही.

२) आपल्या कक्षाने विचारले होते की लॅपटॉप चौदा इंची हवा की सोळा इंची, एकावर खूण करावी, कारण एका ओळीत लिहावे, निवड बदलता येणार नाही. अर्जदाराचे कारण एका ओळीत मावले नाही, म्हणून ते येथे सविस्तर देत आहे.

३) पोस्टर दाखवायला कंपनीच्या ऑफिसात, कधी तालमीच्या गावी जावे लागते. कोणत्या कलावंताचा चेहरा कुणापेक्षा मोठा, हे भांडण समोरासमोर बसल्याशिवाय मिटत नाही. बसमध्ये उभ्याने जायचे तर अर्जदाराचा एकुलता हात वरच्या दांडीला. म्हणून अर्जदाराने सोळा इंचीच्या आणि त्याच्या चार्जरच्या वजनाएवढे घरचे तांदूळ पिशवीत भरले आणि बसने वडशापर्यंत जाऊन पाहिले. पट्टा अडवायला खाली हात नसल्याने पिशवी खांद्यावरून घसरते. शेवटी ती गळ्यात अडकवली, तर वळणावर तांदूळ एका बाईंच्या मांडीवर सांडले. त्या म्हणाल्या, “भाऊ, तांदूळ गळ्यात घालून कोन फिरते?” अर्जदाराने क्षमा मागितली. चौदा इंचीच्या वजनाचे तांदूळ मात्र सुखरूप पोहोचले.

४) इतक्यावर चौदा इंची घेऊन मोकळे व्हायला हवे होते. शिवाय त्याचा कीबोर्ड आटोपशीर, एकाच पंजात दोन-तीन बटणे एकदम दाबता येतात. पण ओळखीच्यांचा चौदा इंची वापरून पाहिला, तेव्हा झाकण उघडायला गेले की अख्खा लॅपटॉपच वर उचलला जायचा. खालचा भाग दाबून धरायला दुसरा हात लागतो. अर्जदाराने तो हनुवटीने दाबून उघडला. एका नाटक कंपनीचे मॅनेजर गोविंदाभाऊ समोर बसले होते, त्यांनी मान फिरवली. मग त्यांच्या सगळ्या कलावंतांचे पोस्टर उघडले आणि नायिकेचे अर्धे तोंड आल्यावर मशीन जागच्या जागी थांबली. गोविंदाभाऊ चहा पिऊन निघून गेले, तरी तोंड अर्धेच. नंतर सोळा इंचीही मागून वापरून पाहिला; तो स्वतःच्या वजनाने टेबलावर बसून राहतो, एका हाताने उघडतो आणि तेच पोस्टर चटकन पुढे ठेवतो. बसचे काय ते बसून जाऊन निभावू, असे ठरवून अर्जदाराने सोळावर खूण केली.

५) इथे चूक झाली. वाटपाच्या दिवशी नियम असा निघाला, की लाभार्थी साहित्य स्वीकारत असल्याचा फोटो वेबसाइटवर चढवायला हवा. चौदा इंचीचा खोका एका हातात मावला असता. सोळा इंचीचा मावेना. खोका दोनदा पडता पडता राहिला. तेव्हा वाटप करणारे बाबू म्हणाले, “दोनी हात दिसले पायजे, नाईतं साइट फोटो घेत नाई.” अर्जदाराने रिकामी बाही दाखवली. ते म्हणाले, ती दिसतेच आहे, पण साइटला दिसत नाही. मागे रांग खोळंबली होती. अर्जदाराची पत्नी करिष्मा सोबत होती. ती म्हणाली, “उभे राहा तुमी. मी देतो माहा हात.” ती पाठीमागे दडून उभी राहिली आणि तिने आपला उजवा हात अर्जदाराच्या बाहीतून पुढे काढला.

६) फोटो निघेपर्यंत तो हात बाहीत होता. ज्या अपघातात हात गेला, तेव्हापासून अर्जदाराला सुखदुःख फारसे कळत नाही. जेवण झाले की नाही, तेही करिष्माच सांगते. तेवढा वेळ मात्र बरे वाटले. कक्षाला याचा उपयोग नाही, पण खुलासा पूर्ण मागितला आहे म्हणून लिहिले.

७) त्या फोटोत दोन हात दिसतात, म्हणून अर्जदार अपात्र ठरला आणि लॅपटॉप परत जमा झाला. उजव्या हातात हिरव्या बांगड्या का, याचा वेगळा खुलासा मागवला आहे. खुलासा असा की बांगड्या करिष्माच्या आहेत, कारण हात करिष्माचा आहे. अर्जदार आता चौदा इंचीलाही तयार आहे, हनुवटी आहेच, असे तोंडी कळवले असता निवड बदलता येत नाही असे उत्तर मिळाले.

तरी मशीन कोजागिरीपूर्वी द्यावी, इंच आपण ठरवावेत. आणि कक्षाच्या दप्तरी अर्जदाराला दोन हातच राहणार असतील, तर निदान तसा दाखला सहीशिक्क्यानिशी द्यावा. अर्जदार पूर्वी ज्या राईस मिलमध्ये पोती उचलायचा, तिथून त्याला “दोन हात असन तं ये” असे सांगून घरी पाठवले आहे. दाखला हाती पडताच तो मिलच्या दारात जाऊन उभा राहील.

कळावे, आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,

अमर मुखरू शेंडे
(सही डाव्या हाताची)
दि. २२ सप्टेंबर २०२५

सोबत : दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत, बाही दुमडून एकट्याने काढलेला फोटो.