ऱ्होडियमच्या जागी कोबाल्ट

सर, काल दुपारी तुमची निळी वही मी वाचली. तुमच्या माघारी काकूंनी तुमचं नागावचं घर पर्यटकांना द्यायला काढलंय. "तुझ्या सरांचं कपाट तूच येऊन बघ गो, मला काय कळतंय त्यातलं," असा त्यांचा फोन आला, म्हणून गेले.

मी तुमच्या हाताखाली पीएच.डी. करत होते, तेव्हाचा तो दिवस अजून लख्ख आठवतो. युरेनियमच्या संयुगात ऱ्होडियमच्या काही अणूंच्या जागी मी कोबाल्ट घातलं होतं. भट्टीत पाच वेळा उलटून वितळवलेला, हरभऱ्याएवढा गोळा. हीलियमने थंड करत निरपेक्ष शून्याच्या जवळ नेला, तर चुंबकत्व जागच्या जागी आणि तरीही विजेचा रोध एकदम शून्य, म्हणजे अतिवाहकता. मी धावत तुमच्या खोलीत येते. तुम्ही आलेख बघता, चष्मा काढता. "असं चुंबकत्व असलं की अतिवाहकता मरते, एवढंही कळत नाही? नमुना अशुद्ध आहे तुझा. दोन पदार्थ मिसळलेत. फेकून दे." सगळ्यांसमोर. मी फेकला. प्रबंधातलं ते प्रकरण काढलं, आणि मग संशोधनच सोडून अलिबागला कॉलेजात शिकवायला लागले. पुढे परदेशात कुणीतरी हेच दाखवलं, की या संयुगांतले जडावलेले इलेक्ट्रॉन दोन्ही गोष्टी एकदम पेलतात. तेव्हा वाटलं, नशीब आपलं. सरांना तरी कुठे ठाऊक होतं!

वहीत, मी गोळा फेकला त्यानंतर आठव्या दिवशी, तुमचं बारीक तिरकं अक्षर: 'टाकाऊ नमुन्यांतून तिचा गोळा काढला. क्ष-किरणांनी तपासला. पदार्थ एकच. पुन्हा मोजलं. दोन्ही आहेत. पोरगी बरोबर होती. आता कोणत्या तोंडाने सांगू?'

सर, आठव्या दिवशी! मी तेव्हा शेजारच्याच खोलीत बसत होते. दोन वर्षं रोज समोर येत होते. त्याच महिन्यात तुम्ही मला तुमचं स्वतःचं पेन दिलंत, आणि मी ती माया समजले. रडू नाही आलं, रागही नाही. 'पोरगी बरोबर होती' एवढंच पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

काकू चहा घेऊन आल्या. "काय लिवलंय गो एवढं? तोंड कसं पांढरं पडलंय तुझं."

"काही नाही काकू. नुसते आकडे."

त्यांनी पदराने वही पुसली आणि तुमच्या फोटोखाली ठेवली. त्याआधीच ते पान मी फाडून पर्समध्ये घातलं होतं. तुमची अब्रू राखायला, असं घरी येईपर्यंत स्वतःला बजावत आले. खरं सांगू? तुमच्या हातचं ते एक वाक्य मला माझ्याजवळ हवं होतं.