गोड न लागलेली साखर

३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अण्णांच्या पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडली आहे. डॉक्टर म्हणतात, साखर उतरली नाही तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, भट्टीपुढे एका पायावर उभा राहणारा बेकरीवाला कुणी पाहिलाय का? स्वतःच हसले आणि मग जेवलेच नाहीत.

तुझ्या प्रयोगशाळेत पाल्याच्या अर्काने उंदरांची साखर उतरवता ना? एक बाटली पाठव, हात जोडते. उंदरांचं एवढं कौतुक करतेस, थोडं बापाचंही कर.

माया आहेच, या वेळी ती टपालाने येऊ दे.

तुझी,
धाकटी

९ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

बाटली पाठवणार नाही. रागाव हवं तर. आम्ही उंदरांना अर्क मोजून देतो, तरी साखर फार उतरून काही मरतातच. माणसाला किती द्यावा हे आम्हालाच ठाऊक नाही. अण्णांचं इन्सुलिन चालू आहे, त्यात हा पाला पडला तर साखर एकदम कोसळेल. शिवाय तो चघळला की बराच वेळ जिभेला गोड कळतच नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नकोस. रजेसाठी साहेबांच्या मागे लागले आहे, पण ते दाद देत नाहीत.

अबोला धरलास तरी पत्र लिहीत जा.

तुझी,
ताई

२० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. झाडपाल्याच्या दुकानातून तोच पाला आणला. अण्णा रोज सकाळी चघळायचे. साखरेचे आकडे उतरत गेले, मी नाचायचीच बाकी राहिले होते. काल बेकरीत त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मी धावत जाऊन मूठभर साखर आणली, त्यांच्या तोंडात घातली. त्यांनी ती थुंकली. वाळू कसली भरवतेस, म्हणाले. पुन्हा घातली तर दात घट्ट मिटून घेतले आणि कोसळले.

दवाखान्यात आहेत, अजून शुद्ध नाही. डॉक्टरांना पाल्याचं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ताई, मी माझ्या हाताने बापाला मारायला निघाले होते गं.

माझ्यावर माया करू नकोस, नुसती निघून ये.

धाकटी

२३ जुलै

चि. थोरलीस,
अ. उ. आ.

काल शुद्धीवर आलो. नर्सबाईंकडून कागद मागून घेतला आहे. धाकटी अन्नाला शिवत नाही. भेटेल त्याला सांगते, मीच केलं म्हणून.

तुला खरं सांगतो. माझा जन्म साखरेत गेला. गोड लागली नाही तरी दाताखाली आलेली साखर मला कळते. पाय गेल्यावर तुम्हा पोरींच्या गळ्यात पडायचं, त्यापेक्षा आयताच सुटतोय, असं वाटलं. म्हणून थुंकलो.

डोळे उघडले तेव्हा धाकटी उशाशी बसली होती. बेकरीतली साखर पुडीत बांधून आणली होती आणि चिमूट चिमूट जिभेवर ठेवून बघत होती, खरंच साखरच दिली ना आपण म्हणून. किती वेळ तेच चाललं होतं. मला बघवेना.

पाय काढायला मी हो म्हटलं आहे. तिला सगळं मीच सांगणार, पण एकट्याने धीर होत नाही. तू आलीस की तुझ्यासमोर सांगेन.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही. उरला असेल तेवढा घेऊन ये.

तुझा,
अण्णा