प्रार्थनेतले अनोळखी आणि माझं घर

मी, खाली सही करणारी, चष्म्याची भिंगं घासून पोट भरत आलेली विधवा बाई, हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता. दडपण आणणारे कमी नव्हते, एवढीच नोंद करते.

आधी कारण सांगते. एका दुपारी चर्चमध्ये मौन प्रार्थनेला बसले असताना मला स्पष्ट जाणवलं, की प्रभूसमोर मी एकटी नाही. शेजारी कोणी होते आणि ते या पृथ्वीवरचे नव्हते. आवाज नाही, उजेड नाही. अंधाऱ्या खोलीत माणूस असल्याचं कळतं, तसं कळलं. मी हे पाळकसाहेबांना सांगितलं.

"त्यांचा बाप्तिस्मा झालाय का?" त्यांनी विचारलं.

"साहेब, त्यांना डोकं आहे की नाही, तेच मला कळलं नाही."

"मग पाणी ओतायचं कुठे?" असं म्हणून त्यांनी विषय कमिटीकडे पाठवला.

कमिटीत प्रश्न निघाला, की ते आदामाचे वंशज नसतील तर त्यांना पाप लागलं कुठून? आणि पापच नसेल तर ते आपल्यापेक्षा पवित्र ठरतात. सेक्रेटरींना हे अजिबात खपेना. खजिनदार, म्हणजे माझा धाकटा भाऊ, म्हणाला, "प्रभू एकदाच मेला, तोही आपल्यासाठी." शेवटी ठराव झाला: परग्रहावर कोणी नाही, असलेच तर ते पापी आहेत. मला भ्रम झाला होता असं मी लिहून द्यायचं, नाहीतर प्रभुभोजन बंद आणि नवऱ्याशेजारची कबरीची जागाही बंद. मी लिहून दिलं नाही. भावाने बोलणं टाकलं.

तेव्हा व्यवस्था अशी.

घर मी चर्चला देणार अशी कुजबुज झाल्यापासून सेक्रेटरी फळं घेऊन येतात आणि विश्व फार मोठं आहे, असं म्हणतात. त्यांचं मत सुधारलं याचा आनंद आहे. घर माझ्या नणंदेला मिळावं. आजारपणात तिने माझं सगळं केलं आणि एकदाही उपदेश केला नाही.

मी स्वतः भिंगं घासून बनवलेली दुर्बीण पाळकसाहेबांना. तिच्यातून काही दिसलंच तर कमिटीला विचारत बसू नये.

चर्चच्या दफनभूमीत जागा नाकारली तर मला नगरपालिकेच्या दफनभूमीत पुरावं. नवरा रोज मी दुकान बंद करेपर्यंत बाहेर थांबायचा. त्याला वाट बघायची सवय आहे.

वडिलांची आरामखुर्ची भावाला, असं लिहीत होते तेवढ्यात तो स्वतःच दारात आला. आत येऊन त्याच खुर्चीत बसला.

"ताई, त्या दिवशी प्रार्थनेत तिथे आई होती का गं?"

"नव्हती. सगळे अनोळखी."

"मग भीती नाही वाटली?"

"नाही रे. त्यांनी सरकून मला जागा दिली."

त्याने चष्मा पुसला, मग विचारलं, "साक्षीदार कोण आहेत तुझे?"

"एक नणंदेची शेजारीण. दुसरा मिळत नाहीये. आणि साक्ष देणाऱ्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, वकील म्हणाले."

"मग खुर्ची खोड," तो म्हणाला. "पेन दे."

खुर्ची खोडली आहे. तीही नणंदेला.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर
दिनांक: रविवार, सगळे चर्चमध्ये असताना

सही: भिंगवाली
साक्षीदार: नणंदेची शेजारीण
साक्षीदार: धाकटा भाऊ, माजी खजिनदार