कापेल तिने शेवटी घ्यावं

प्रिय सुरेखा,

बोर्डिंगातलं आपलं जेवणाचं टेबल आठवतं का गं? सणाच्या दिवशी केकचा एकच ठोकळा यायचा आणि सिस्टर क्लेमेंटाइन सुरी तुझ्या हातात द्यायच्या. नियम ठरलेला: कापेल तिने शेवटी घ्यावं. तू जीभ बाहेर काढून, डोळा बारीक करून कापायचीस. एकदा तुझी-माझी कडक कट्टी होती. मला वाटलं, आज माझ्या वाट्याला कडेचा जळका तुकडा. पण सगळे तुकडे सारखे निघाले, आणि जळका तुझ्याच ताटलीत उरला. त्या संध्याकाळी बोलायला मीच आले तुझ्याकडे.

परवा डॅनफोर्थ रस्त्याजवळच्या त्या हॉलमध्ये तू उभी राहिलीस तेव्हा मला तोच बारीक केलेला डोळा दिसला. ढाक्याच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणावर चर्चा म्हणून मला बरोबर घेऊन गेलीस. मला वाटलं होतं चार भाषणं होतील, समोसे खाऊ आणि बर्फ वाढायच्या आत घरी पोचू. पण तिथे तर लोक एकमेकांवर धावून जायचे बाकी होते. एक म्हणे, एकाहत्तरच्या गुन्हेगारांना कसले वकील न् कसले साक्षीदार. दुसरा म्हणे, ते कोर्टच खोटं. आणि गंमत अशी, की ज्या सरकारने ते उभारलं त्याच्याच माणसांवर आता तिथे खटले चालू झाल्यावर काल टाळ्या वाजवणारे आज निःपक्ष न्याय मागत होते, आणि काल रडणारे टाळ्या वाजवत होते.

तू माइक मागितलास. म्हणालीस, एकाहत्तरात माझ्या सासऱ्यांना घरातून नेलं, ते परत आले नाहीत. त्यांना कुणी विचारलं नाही की तुमचं काय म्हणणं आहे. ते विचारण्यासाठीच तर कोर्ट लागतं. त्यांना नेणाऱ्यालाही चांगला वकील मिळायला हवा होता आणि आजच्या आरोपींनाही मिळायला हवा. मागून कुणीतरी ओरडलं, "भाभी, आप तो बंगाली भी नहीं हो!" आणि तू शांतपणे, "इलिश मछली के काँटे आपसे ज़्यादा निकाले हैं मैंने." मी एकटीच हसले वाटतं. मग तुझ्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. मी आपली चहाचा कप धरून बसून राहिले, आणि मनात म्हटलं, अनीस असता तर पहिल्या रांगेतून वळून आपल्या बायकोकडे बघत बसला असता.

काल फोनवर तू रडलीस. तुझी लेक केया धड बोलत नाही, एवढंच म्हणते, "मम्मा, यू इन्सल्टेड दादू." त्या हॉलमधल्या लोकांच्या बंगाली पेपरात माफी छापून हा विषय मिटवून टाकते, असं तू म्हणालीस. मला फोनवर नीट बोलता येत नाही. म्हणून लिहितेय. सुरेखा, माफी मागू नकोस. केयाचा राग मला कळतो. न पाहिलेल्या आजोबांचं तिच्याकडे दुसरं काय आहे? पण तिला एक दिवस तुझ्या त्या बोलण्याची गरज लागेल, आणि तेव्हा तू ते मागे घेतलेलं नसावंस.

आता खरं कारण. पुढच्या महिन्यात माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर हसून बोलतात, पण सगळे कागद तयार ठेवा असंही म्हणाले. ब्रेंडन एडमंटनला, मेलनी बर्नाबीला. त्यांचे वडील मॅथ्यू गेल्यापासून भावंडांची तोंडं दोन दिशांना. हॉलमधून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी वकिलाकडे गेले आणि मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे वाटण्या करणारी म्हणून, तुझं नाव घातलं. तुला न विचारता, हो. ज्या बाईने स्वतःच्या सासऱ्यांच्या मारेकऱ्यालाही बोलू द्या म्हटलं, ती माझ्या दोन्ही मुलांचं ऐकून घेईल. शब्द मागे घेतलेस तर मला परत त्या वकिलाकडे जावं लागेल, आणि त्याच्या ऑफिसात फार थंडी असते.

तर ऐक. आईचं लाल लुगडं आणि बांगड्या मेलनीला. मॅथ्यूची घड्याळं आणि गॅरेजमधली हत्यारं ब्रेंडनला. मॅथ्यूचं व्हायोलिन दोघांनाही हवंय. ते कुणाला, हे दोघांना समोरासमोर बसवून, दोघांचं पूर्ण ऐकून तू ठरव. शिवणयंत्र केयाला, ती त्यावरच शिकली. ते कुरिअरने नाही पाठवायचं, तू स्वतः घेऊन जायचंस. आणि नियमाप्रमाणे तुझा वाटा शेवटी. स्वयंपाकघरातली खिडकीजवळची खुर्ची, जिच्यावर अनीस गेल्यावर तू तो सगळा हिवाळा बसून होतीस. मुलं तिच्याकडे बघणारही नाहीत, मी खात्री करून घेतलीय. ती तुला.

तुझीच,
बर्था