धसकटातलं पाडस

सोमवार, २१ फेब्रुवारी १९४४
आजपासून रोजनिशी. कारण मोठं आहे.
सकाळी शेतावर गेलो. ज्वारी काढून झालेली, नुसती धसकटं. बांधाजवळच्या वाळल्या गवतात हरणाचं पाडस! कान पाडलेले, डोळे उघडे, हालचाल शून्य. आई कुठंच नाही. मी चांगली पाच मिनिटं वाट बघितली. पोरकं, शंकाच नाही. उपरण्यात गुंडाळून घेतलं.
वाटेत धोंडीबा धनगर आडवा आला. म्हणाला, आप्पा, माघारी ठिवा. हरणी पिल्लाला निजवून लांब चरती, सांजंला पाजाया येती. मी सांगितलं, हा महालिंगप्पा कापड विकत असला तरी चार पुस्तकं वाचलेला आहे. धोंडीबा म्हणाला, व्हय जी, पर हरणीनं न्हाईत वाचली. अडाणी माणसाशी वाद घालू नये.
सायंकाळी मठात सांगितलं. सगळे भूतदया, भूतदया म्हणाले. बरं वाटलं.

मंगळवार, २२
माळ्यावरचा पाळणा खाली काढला. पाडसाला बरोब्बर पुरतो. चार वर्षं नुसता पडून होता. का, ते इथं लिहायची गरज नाही.
माझी बायको उमाबाई पाळण्याकडं बघत उभी राहिली आणि मागच्या दारी निघून गेली. तिला आनंदानं भरून आलं असणार.
टाइमटेबल केलं. दिवसातून चार वेळा गाईचं दूध, कापसाच्या बोळ्यानं. स्वतः पाजणार. पाडसाचं नाव नंदिनी. उमाबाई म्हणाली, नाव ठेवू नका.

बुधवार, २३
दिवेलागणीला मागच्या माळावर, बाभळीजवळ एक हरणी उभी होती. घराकडं तोंड करून. उमाबाई म्हणाली, हिचीच आई ती. कास बघा कशी ताठलीय.
मी समजावलं की माळावर हरणं शेकड्यांनी असतात, ही दुसरीच. पाण्याच्या वासानं आली असेल.
आपल्या घरामागं पाणी नाही, असं उमाबाई म्हणाली. बायकांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय.

गुरुवार, २४
नंदिनीला हगवण. गाईचं दूध जड पडलं. उद्यापासून शेळीचं, त्यात ओव्याचं पाणी. काळजीचं कारण नाही.
सरकारी कारभार उर्दूत, म्हणून तालुक्याच्या ढोरांच्या डॉक्टरसाहेबांना उर्दूत फर्स्टक्लास दरख्वास्त लिहिली. एका यतीम हिरनीची जान वाचवण्यासाठी हुजूरांनी फौरन दौरा काढावा. दोनदा मोठ्यानं वाचली. आमच्या मुरूम गावात असं उर्दू लिहिणारा दुसरा नाही.
हरणी आली होती.

शनिवार, २६
मागचं दार लावून घेतलं. वाऱ्यामुळं.
आतून नंदिनी बारीक ओरडते. बाहेरून तसाच आवाज येतो, जरा जाड. बाभळीची फांदी घासत असेल. उमाबाई म्हणाली, आज वारा कुठंय?
दुकानात एक विचित्र प्रकार. गिऱ्हाइकासाठी मांजरपाट फाडला तर तोच आवाज. अगदी तोच. पुढच्याला कात्रीनं कापून दिला. कात्रीनं काम सुबक होतं. पुढंही कात्रीच वापरणार.

सोमवार, २८
डॉक्टरसाहेबांचा जवाब आला. दोनच ओळी. पाडस जिथून उचललं तिथंच ताबडतोब ठेवा आणि लांब व्हा. आई जवळच असेल.
दौरा टाळायची युक्ती! साहेबांनी पाडस पाहिलेलंसुद्धा नाही. वर तक्रार करणार. मसुदा डोक्यात तयार आहे.
शेळीचं दूधही पोटात ठरत नाही. पोट नगाऱ्यासारखं. हिंग लावला. डोळे मात्र टपोरे, माझ्याकडंच बघते. लळा लागलाय.

बुधवार, १ मार्च
दार उघडलं तर हरणी परसाच्या कुंपणाशी. दहा पावलांवर. मी हात हलवला, हुसकलं, खडा मारला. लागला. ती हलली नाही.
उमाबाईनं माझा हात धरला. चार वर्षांत पहिल्यांदा त्या विषयावर बोलली. म्हणाली, आपली पोर अकराव्या दिवशी गेली. माझं दूध आटायला महिना लागला. लुगडं भिजायचं. मी ह्याच दारात उभी राहायची अन् तुम्ही दुकानात जायचा. अहो, तिचं लेकरू तर जित्तं हाय. द्या की तिला.
आज दुकानात गर्दी फार होती.

शुक्रवार, ३ मार्च
पाडस मान धरत नाही. बोळा ओठावरून ओघळतो.
पूर्ण विचारांती निर्णय घेतला आहे की उद्या त्याला निसर्गात सोडावं. हा माझा स्वतःचा निर्णय. कुणाच्या सांगण्यावरून नाही. मुळात माझा बेत पहिल्यापासून तोच होता. जरा बळ धरेपर्यंत ठेवायचं, इतकंच.
आज का नाही? आज उशीर झाला.

शनिवार, ४ मार्च
दुपार टळल्यावर नेलं. उमाबाई येते म्हणाली, मी नको म्हणालो. बांधाजवळ त्याच गवतात ठेवलं. अंग गार लागत होतं, पण सावलीमुळं असेल. मी बांधापलीकडं बसलो.
ऊन उतरल्यावर हरणी आली. सरळ आली, हुंगत नाही, शोधत नाही, जणू जागा ठाऊकच होती. पाडसाला चाटलं. कान, पाठ, पोटावरचा हिंग. नाकानं ढोसलं. पुन्हा ढोसलं. मग त्याच्या अंगावर अशी उभी राहिली की कास नेमकी त्याच्या तोंडावर यावी.
पाडसानं मान उचलली नाही.
ती तशीच उभी. मला वाटलं, आता उचलेल. मी मनात म्हणत होतो, उचल. मोठ्यानंही म्हणालो असेन, कारण तिनं वळून माझ्याकडं बघितलं. पळाली नाही.
पाच मिनिटं. त्या दिवशी मी पाच मिनिटंच थांबलो होतो.

सोमवार, ६ मार्च
काल काही लिहिलं नाही. पाडस पुरून आलो.
मठात सगळ्यांनी विचारलं. सांगितलं, आईकडं सोडलं, गेलं उड्या मारत. वाहवा झाली. धोंडीबा दारात उभा होता, तो खाली बघत राहिला.
घरी उमाबाईलाही तेच सांगितलं, की आई आली, घेऊन गेली.
ती भाकरी थापत होती. म्हणाली, मी तुमच्या मागनं आले होते. शेतातल्या बाभळीआड उभी होते. सगळं पाहिलं.
एवढंच. भाकरी वाढली. मी जेवलो.